पहिली ओळ पानशेतचीच का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. जिन्यात, लिफ्टमध्ये, सर्वसाधारण सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले की, प्रश्न तोच: सोसायटीच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष तुम्ही लिहिता, मग 12 जुलैला पहिली ओळ दरवर्षी पानशेतची कशी? त्याच तारखेला, 1660 साली, शिवाजी महाराज पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. ते सोडून सकाळी सकाळी 1961 साली फुटलेलं पानशेत धरण कशाला वाचायचं?

आधी तारखेचं बोलतो, म्हणजे बाजीप्रभूंशी माझं काही वाकडं आहे ही अफवा तरी मिटेल. 12 जुलै 1660 ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कालगणनेची. इंग्रज 1752 पर्यंत तीच चालवत होते आणि शिवकालातल्या तिथ्यांच्या ज्या तारखा आपल्याकडे रूढ झाल्या त्याही तिच्याच. ती रात्र आषाढ पौर्णिमेची. त्या शतकात ती आणि आजची ग्रेगोरियन, या दोन कालगणनांत दहा दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या हिशेबानं ती 22 जुलैला येते. म्हणजे काटेकोर धरलं तर पावनखिंड 12 जुलैच्या फळ्यावर यायलाच नको. हे मी सभेत ठासून सांगितलं, तर बी विंगच्या वहिनींनी शांतपणे विचारलं, "मग 19 फेब्रुवारीला शिवजयंती लिहिता, ती?" तीही ज्युलियनच, बदलून घेतली तर 1 मार्च. राज्याभिषेकाचा 6 जून धरला तर 16. तिथं मी मुकाट्यानं सरकारी तारीख लिहितो आणि वाटलेला पेढाही खातो. तेव्हा तो मुद्दा मी सोडला.

खरं कारण वेगळं आहे. तुमच्यातले बरेच जण पुनर्विकासानंतर राहायला आलात. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत स्विमिंग पूल होता, पण ही जमीन कुणाला आणि कशामुळे मिळाली ते नव्हतं. ती मिळाली पानशेतच्या पूरग्रस्तांना. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण काम पुरं व्हायच्या आतच भरलं. पाणी सोडायच्या मोरीचं कामही अर्धवट होतं. 11 जुलैच्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते आणि इकडे पुणं झोपलेलं. बुधवारी सकाळी धरण फुटलं, तो लोंढा खडकवासल्यात आला आणि पुढं खडकवासलाही फुटलं. नारायण, शनिवार, कसबा, नदीकाठचे वाडेच्या वाडे बसले. शहराला नळाचं पाणी खडकवासल्याचंच. त्यामुळे घरात गुडघाभर गाळ आणि प्यायला थेंब नाही, अशी गत. लोक विहिरी आणि जुने हौद शोधत फिरत होते. यातून निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याची तात्पुरती घरं आली, वसाहती आल्या, पूरग्रस्तांच्या सहकारी संस्था आल्या. त्यातलीच ही एक. मग पहिली ओळ दुसऱ्या कशाची असणार?

इतकं सांगून मी खूश असायचो. एका 12 जुलैला ते मोडलं.

सकाळी मी फळा लिहून दूध आणायला गेलो. परत येतो तर डी विंगचा एक मुलगा, दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारा, माझी ओळ पुसून तिथं बांदलांच्या मावळ्यांवर लिहीत होता. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. "राग मानू नका काका," तो म्हणाला, "पोरं शाळेत जाताना काहीतरी चांगलं वाचू देत." मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून ए विंगचे नाना आले. नाना मूळ सभासदांपैकी एकाचे चिरंजीव. पूर आला तेव्हा शाळकरी होते. मला वाटलं, चला, साक्षीदार आला.

नाना म्हणाले, "ओरडू नकोस. राहू दे पुसलेलं."

मग वॉचमनच्या खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. वाड्यात मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. पाणी ओसरल्यावर वडिलांनी खांदा लावून दार ढकललं, आत डबे गाळात आडवे पडलेले. तांदूळ इतके फुगले होते की पत्र्याच्या डब्याचं झाकण आपोआप वर आलं होतं. तो आंबूस वास आई पुढं कित्येक दिवस हाताला येतोय म्हणायची. शेजारच्या खोलीत एक एकटी बाई राहायची. ती सापडली नाही. तिच्यामागं अर्ज करायला कुणी नव्हतं, त्यामुळे तिच्या वाट्याला काहीच आलं नाही. "आणि आम्ही? भाडेकरूचे घरमालक झालो. वडील म्हणायचे, पुरानं नेलं त्याच्यापेक्षा दिलं जास्त. पण हे वाक्य त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर नेलं नाही. आता तर तीन बेडरूम झाल्या. तू दरवर्षी ओळ लिहितोस आणि दरवर्षी कुणीतरी नवा मला विचारतो, काका, तुम्हाला प्लॉट केवढ्याला पडला हो?"

पोरगा खडू हातात धरून तसाच उभा. मीही.

पूर्वी मला कुणी विचारलं की मी छाती काढून म्हणायचो, ज्यांनी भोगलं त्यांच्यासाठी लिहितो. आणि भोगलेला माणूसच पुसा म्हणतोय. मग त्या बाईसाठी लिहितो म्हणावं, तर तिचं नाव नानांनाही आठवत नाही, आणि तिच्या नावानं आपला हट्ट चालवणं मलाच बरं दिसत नाही. तुमच्या मुलांसाठी? ती फळ्याकडे बघतही नाहीत, बस चुकेल म्हणून पळत असतात. तरीही पुढच्या वर्षी मी पहिली ओळ पानशेतचीच लिहिली. नाना त्या दिवशी मागच्या गेटनं फिरायला गेले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे पेपर मागायला आले. विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

म्हणजे उत्तर मिळालं का? मला नाही मिळालं. एवढं मात्र झालं की डी विंगच्या त्या मुलाशी तह झालाय: दुसरी ओळ त्याची, त्याच्याच अक्षरात, आणि ज्युलियनबद्दल मी अवाक्षर काढायचं नाही. तिसरी ओळ माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांची. 12 जुलै 1920 चा जन्म, तोही पुण्यातला, त्यामुळे तिच्यावर वाद नाही. बँकेतून निवृत्त झालेले आपले काका नाबार्डची स्थापना, 12 जुलै 1982, वर घ्या म्हणून माझ्या मागं लागले आहेत. काका, तुमची ओळ चौथीच राहील, आणि फळ्यावर जागा उरली तर.