पेनड्राइव्हवरचे उबंटू बंद पडले तेव्हा

गेल्या महिन्यात चालू संगणकातून पेनड्राइव्ह निसटला आणि त्यावरचे उबंटू, म्हणजे संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली, पुन्हा सुरूच होईना. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत राहिली. आईच्या औषधांच्या नोंदी त्याच पेनड्राइव्हवर असल्यामुळे माझा जीव टांगणीला लागला.

अशा पेनड्राइव्हवर मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस या केवळ वाचता येणाऱ्या, दाबून भरलेल्या फाइलीत असते आणि आपण केलेले बदल, ते टिकवण्याची सोय केलेली असल्यास, 'कॅस्पर-आरडब्ल्यू' नावाच्या वेगळ्या फाइलीत किंवा पार्टिशनमध्ये (पेनड्राइव्हच्या वेगळ्या कप्प्यात) साठतात. त्यामुळे प्रणाली उठली नाही, तरी आपल्या फाइली गेल्या असे मुळीच नाही. घाईघाईने त्याच पेनड्राइव्हवर नवी प्रणाली चढवणे मात्र सर्वांत घातक.

मी दुसऱ्या लिनक्स संगणकावर डीडीरेस्क्यूने संपूर्ण पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, एका फाइलीत काढली. हा प्रोग्राम आधी धड भाग उचलतो, खराब भागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. मग इमेजमधून कॅस्पर-आरडब्ल्यू फाइल बाहेर काढली, तिच्या प्रतीवर ई२एफएससीके हा फाइलव्यवस्थेतील चुका दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला आणि ती प्रत केवळ वाचनासाठी माउंट केली, म्हणजे आतले फोल्डर दिसतील अशी जोडली. पहिल्या नजरेला होम फोल्डर कुठेच दिसेना, कारण ते 'अपर' नावाच्या फोल्डरच्या पोटात होते. तिथे आईच्या नोंदींची फाइल जशीच्या तशी सापडली. काही छायाचित्रे 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये, म्हणजे दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये, नावांऐवजी नुसते क्रमांक घेऊन पडली होती. ती एकेक उघडून, ओळखून मी पुन्हा नावे देत आहे.