हँगिंग गार्डन: टाकीच्या छतावरची बाग

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये आपण चालतो ते पाण्याच्या टाकीच्या छतावर. खालचा जलाशय १८८० च्या दशकातला, क्षमता सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर. भांडुपला शुद्ध झालेलं पाणी इथे साठतं आणि टेकडीच्या उंचीमुळे उतारानेच गिरगाव, फोर्ट, कुलाब्याकडे जातं. शेजारी पारशी दोखमा आहे, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायची जागा; तिथल्या गिधाडांमुळे टाकी झाकली असं सांगतात. पिण्याचं पाणी उघडं ठेवू नये, एवढं कारणही खरं तर पुरेसं आहे. कागदोपत्री नाव फिरोजशाह मेहता उद्यान. मुंबईच्या पालिकेची घडी बसवणाऱ्या माणसाचं नाव पालिकेच्याच टाकीवर, हे शोभतं.

टाकी लक्षात ठेवली की बागेची मांडणी कळते. छतावर माती बेताची, म्हणून हिरवळ, वाफे आणि प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं. मोठ्या झाडाची मुळं छताच्या सांध्यात शिरली तर भेग पडते आणि वरचं पाणी थेट पिण्याच्या पाण्यात झिरपतं. झुडपांची छाटणी पावसाळ्यात लांबली की हत्तीचा नुसता झुबका होतो.

२०२३ मध्ये टाकी नव्याने बांधायचा बेत पुढे आला, तेव्हा ३८९ झाडांवर गदा येणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी टाकीत उतरून पाहणी केली आणि पुढे पाडकामाऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला गेला. पण साधी पाहणी करायची तरी टाकीचा कप्पा रिकामा करावा लागतो, आणि तेवढे दिवस दक्षिण मुंबईच्या नळाला पाणी कमी.

बाग पहाटे ५ ते रात्री ९ उघडी, प्रवेश फुकट. मुलं असतील तर समोरच्या कमला नेहरू पार्कात जा. म्हातारीचा बूट तिथे आहे, १९५२ पासूनचा. मरीन ड्राइव्हही तिथूनच दिसतो, पण तो पूर्वेला असल्याने सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. फोटो काढायचे तर चारनंतर जावं. दिव्यांची माळ हवी तर अंधार पडेपर्यंत थांबावं.

मार्च २०२५ मध्ये सिरी रोडच्या बाजूला झाडांमधून जाणारा उंच लाकडी मार्ग खुला झाला. तिकीट २५ रुपये, तेही तासाच्या वेळेनुसार ऑनलाइन. सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर टेकडी चढू नका.