भिंतीकडचा कोपरा

मुलीने पुण्याहून एक चादर पाठवली आहे. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली ही चादर गादीला टोपीसारखी चढवायची आणि विसरून जायचे, असे तिने फोनवर समजावले होते. परंतु आमची गादी कापसाची, मध्ये फुगलेली आणि कडेला दबलेली असल्यामुळे त्या टोपीला हे डोके काही मानवले नाही. परवा दुपारी जेवून लवंडलो आणि कूस बदलताच एक कोपरा सुटून थेट कानाशी आला. मी उठलो, ती चादर गुंडाळून खुर्चीवर टाकली, कपाटातली जुनी सुती चादर काढली आणि पायथ्याशी जाऊन ती खोचू लागलो, तेव्हा हातांनी परस्पर आईचा कोपरा घातला.

ज्यांनी रुग्णालयात हा कोपरा पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चादरीचे पायथ्याचे टोक आधी गादीखाली सपाट सारायचे, मग पायथ्यापासून हातभर अंतरावर बाजूची कड उचलून गादीवर त्रिकोण करून ठेवायचा, खाली लोंबणारा भाग आत खोचायचा आणि शेवटी तो त्रिकोण खाली ओढून तोही खोचायचा. पाकिटाच्या झाकणासारखी एक तिरपी घडी तेवढी दिसत राहते. ती नीट जमली तर माणसाने रात्रभर तळमळून काढली तरी चादर हलत नाही.

आई हा कोपरा मिरजेला शिकली. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या मिशन रुग्णालयात तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि लग्न होऊन ती इंदुरात आली, ती हा कोपरा, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचे दोन जोड आणि मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन. आमचे घर तेव्हा छावणी भागात, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये काढलेल्या ख्रिश्चन कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. रात्रपाळी करून आई सकाळी घरी येई, चहा घेई आणि झोपण्याआधी आमच्या अंथरुणांच्या चादरी बदली. लोखंडी पलंग भिंतीला लागून असे. तो कोटा फरशीवरून किंचाळत पुढे ओढायचा, भिंतीकडचा कोपरा आधी घालायचा आणि मगच दिसणाऱ्या बाजूला यायचे, हा तिचा क्रम मी कधी बदललेला पाहिला नाही. उशीच्या खोळीचे उघडे तोंडही दाराच्या उलट्या दिशेला असायलाच हवे. दुसरे टोक धरण्याचे काम माझ्याकडे असे, आणि मला त्याचा विलक्षण कंटाळा होता.

“तिकडे कोण बघतंय, आई?” असे मी एकदा विचारले. आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात या प्रश्नाचे ‘देव बघतो’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते ऐकण्याची तयारी करूनच मी विचारले होते. आई म्हणाली, “पाठ बघते.” मग सुरकुतीवरून तळहात फिरवत तिने मला सांगितले, की जो रुग्ण आपल्या आपण कुशीवर वळू शकत नाही, त्याच्या पाठीखाली एक सुरकुती चार दिवस राहिली तर तिथे जखम होते, आणि ती जखम मूळ आजारापेक्षा जास्त छळते. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. त्या रात्री मी पाठीखाली हात घालून सुरकुत्या शोधत बराच वेळ जागा राहिलो.

रविवारची उपासना आम्ही हिंदीत करीत असू, आणि संध्याकाळी घरी वाचन मराठीत होई. त्यामुळे एकच वचन आमच्याकडे दोन पोशाखांत येई. उत्पत्तीच्या पुस्तकात देव आदामाला सांगतो की तू घाम गाळून भाकर खाशील. हिंदीत तो ‘माथे का पसीना’ होता, तो कळत असे. मराठीत मात्र ‘निढळाचा घाम’ होता, आणि निढळ हे एखाद्या गावाचे नाव असावे, नागपूरच्या संत्र्यांसारखी तिथल्या घामाची ख्याती असावी, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे एकदा मला ताप भरला असताना मिठाच्या पाण्याची घडी बदलता बदलता आईने माझ्या कपाळावर बोट टेकवून सांगितले, “हे निढळ.” नोकरीला लागल्यावर कधी तरी माझ्या लक्षात आले की हा घामाचा शाप तिसऱ्या अध्यायात आहे, आणि बागेची मशागत व राखण करण्यासाठी देवाने माणसाला एदेनात ठेवले ते दुसऱ्याच अध्यायात. म्हणजे काम आधीचे आणि घाम नंतरचा. ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटली होती. मे महिन्यात पंखा बंद पडलेल्या कार्यालयात ती तितकीशी टिकली नाही, हेही सांगून टाकतो.

मी स्वतः चौतीस वर्षे आवक-जावक सांभाळली. आलेल्या टपालावर शिक्का, क्रमांक आणि तारीख टाकून ते त्या त्या टेबलावर पाठवणे आणि जाणाऱ्याची नोंद ठेवणे, यापलीकडे त्या कामात काही नाही. अक्षर मी सुवाच्य ठेवले, खाडाखोड होऊ दिली नाही, समासाच्या रेघा पट्टीने मारल्या. एका वर्षी लेखापरीक्षणाच्या दिवसांत कोणी तरी माझ्या नोंदवहीवर कचोरीचा पुडा ठेवला आणि आठवडाभराच्या नोंदी तेलाने अशा पारदर्शक झाल्या की पानाच्या दोन्ही बाजू एकदमच वाचता येत. मला त्याचे दुःख झाले, आणि त्या दुःखाचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. वरच्यांनी शाबासकी द्यावी अशी अपेक्षा मी केव्हाच सोडली होती. मग ती वही मी कोणासाठी नीटनेटकी ठेवत होतो?

याचे उत्तर बायबलमध्ये, प्रेषित पौलाने कलस्सैकरांस म्हणजे कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे आणि ते आमच्या मंडळीतल्या लहान मुलालाही पाठ असते: जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून करा. कसे करा, तर हिंदीत ‘तन मन से’ आणि मराठीत ‘जिवेभावे’. मला मराठी शब्द अधिक आवडतो. त्यात जीवही लागतो आणि भावही. तरीही प्रभूसाठी म्हणून मी एखादा जावक क्रमांक टाकल्याचे मला प्रामाणिकपणे आठवत नाही.

शिवाय या वचनाबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे. कामाविषयीचे संदेश देणारे जवळजवळ सगळे जण ‘जे काही तुम्ही करता’ येथून सुरुवात करतात, आणि त्याच्या आधीच्या ओळीत पौल कोणाला उद्देशून बोलतो आहे ते सांगत नाहीत. तो दासांशी बोलतो आहे. त्यानंतर दोन ओळी सोडून तो धन्यांकडे वळतो आणि बजावतो, की तुम्ही आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही एक धनी स्वर्गात आहे. पण मध्यंतरी तिसरा अध्याय संपलेला असतो आणि धन्यांची ओळ चौथ्या अध्यायात जाऊन पडलेली असते, म्हणून वाचन आदल्या ओळीवरच थांबते. मूळ पत्रात अध्याय नव्हतेच. आज आपण वापरतो ती विभागणी तेराव्या शतकातली असून तिचे श्रेय स्टीफन लँगटन या इंग्लिश धर्मगुरूला दिले जाते. त्याने ही रेघ एक ओळ खाली मारली असती तर पुष्कळ धन्यांची अडचण झाली असती. पौलाला मी दोष देत नाही. तो करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून राहुट्या शिवत असे, तेव्हा कामाने बोटांना काय होते ते त्याला ठाऊक होते.

आमच्या शहरातल्या एका मोठ्या कापडगिरणीला १९९१ च्या डिसेंबरात कुलूप लागले आणि कामगारांचे थकलेले पैसे द्यायला २०२३ चा नाताळ उजाडावा लागला. बत्तीस वर्षांत कितीतरी जण वारले होते. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज प्रभूच्या कानी पडतो, असे याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. त्या नाताळच्या उपासनेत मला तेच आठवत राहिले आणि गाण्याचे कडवे चुकले.

आईला तिच्या कामात समाधान मिळत होते का, हे मी तिला कधी विचारले नाही. विचारले असते तर तिने बहुधा पायांच्या तक्रारी सांगितल्या असत्या. पाळीवरून आल्यावर ती कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसे आणि मेट्रनच्या नावाने बोटे मोडी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या ख्रिस्ती मठासाठी घालून दिलेल्या नियमांत कोठारप्रमुखाला सांगितले आहे, की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. आई पक्की प्रॉटेस्टंट, मठबिठ तिला कळत नसत. पण रुग्णांची एनॅमलची भांडी ती स्वतः घासून उन्हात पालथी घाली, आणि प्रभुभोजनाचे पेले पुसण्याची पाळी आली की तेही त्याच चेहऱ्याने पुसत असे. कांद्यामुळ्यात विठाई पाहणाऱ्या सावता माळ्याला तरी वाफे खुरपताना रोज समाधान वाटत होते की कधी कधी नुसतीच कंबर दुखत होती, कोण जाणे. कदाचित जिवेभावे केलेल्या कामात आपण समाधानी आहोत की नाही हे पाहायला मन रिकामेच राहत नसेल. आईचे सगळे लक्ष त्या पाठीकडे होते.

तर परवा मी पायथ्याचा एक आणि उशाशी एक असे आपल्या बाजूचे दोन्ही कोपरे घातले. तिरपी घडी बरी जमली. मग पलंग ओढून पलीकडे जावे म्हणून वाकलो, तोच पाठीत चमक भरली. आज तिसरा दिवस आहे, आणि भिंतीकडची चादर अजून तशीच लोंबते आहे. त्या बाजूला बायको झोपते.