पाचवा चौकोन

१८ मार्च २०२४, सोमवार, पुणे

सकाळी चहा गाळताना मोबाइलवर आकडा दिसला. रशियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पुतिन यांना ८७ टक्क्यांहून जास्त मतं, मतदान ७७ टक्क्यांच्या वर. निकाल काय लागणार हे माहीत होतंच, तरी पोटात खड्डा पडला. दिवसभर कामात लक्ष लागेना, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मला आठवतो तो २६ मार्च २००० चा रविवार. मी तेव्हा मॉस्कोत रशियन शिकत होते आणि एका आजींच्या घरात पैसे देऊन राहत होते. येल्त्सिन यांनी ३१ डिसेंबरला टीव्हीवरून राजीनामा जाहीर केला होता आणि तेव्हापासून पुतिन हंगामी अध्यक्ष होते. आजींनी त्या दिवशी ठेवणीतला कोट काढला, लिपस्टिक लावली आणि मलाही सोबत चल म्हणाल्या. केंद्र म्हणजे जवळचीच एक शाळा. बुटांचा चिखल-बर्फ झटकून आत गेलं की कोबीचं सारण भरलेल्या गरम पिरोझ्कींचा वास यायचा. मतदानाच्या दिवशी तिथे खाण्याचं टेबल मांडायची जुनी पद्धत आहे. मी व्हरांड्यात थांबले. आजी पडद्यामागे गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

त्या मतपत्रिकेवर ११ उमेदवार होते आणि सगळ्यात खाली आणखी एक ओळ, ‘प्रोतिव व्सेख’. म्हणजे सगळ्यांच्या विरोधात. तिच्यासमोरही इतरांसारखाच चौकोन. आजींनी खूण तिथे केली होती. रात्री सूप वाढताना त्यांनीच सांगितलं. १९९६ साली कम्युनिस्ट परत येतील या धास्तीने त्यांनी मन मारून येल्त्सिन यांना मत दिलं होतं. घाबरून मत द्यायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. पुतिन त्या वेळी जेमतेम ५३ टक्क्यांवर निवडून आले.

तो चौकोन २००६ साली कायदा बदलून काढून टाकला. आपल्याकडे २०१३ साली ‘नोटा’चं बटण आलं तेव्हा मला आधी आजीच आठवल्या. मी मतदानाला जाते तेव्हा ते बटण नीट बघते. दाबते की नाही हा भाग वेगळा, पण ते तिथे असणं मला महत्त्वाचं वाटतं.

आपण मताला ‘मत’ म्हणतो, म्हणजे मनात जे असेल ते. रशियनमध्ये मताला ‘गोलस’ म्हणतात आणि गोलस म्हणजे आवाज. गळ्यातून निघतो तो आणि पेटीत पडतो तो, दोन्हींना शब्द एकच. निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या स्वतंत्र चळवळीचं नावही ‘गोलस’. कुठे कसली गडबड झाली याच्या लोकांनी कळवलेल्या नोंदी ते नकाशावर मांडतात. त्यांचे ग्रिगोरी मेल्कोन्यांत्स गेल्या ऑगस्टपासून कोठडीत आहेत. यंदा निवडणूक झाली ती त्यांच्याशिवाय.

या वेळी मतपत्रिकेवर नावं चारच. दावान्कोव, पुतिन, स्लुत्स्की, खारितोनोव. युद्ध थांबवा असं उघड म्हणणारे बोरिस नादेझ्दिन यांच्यासाठी जानेवारीत लोक कडाक्याच्या थंडीत रांगा लावून सह्या करत होते. त्यांनी लाखावर सह्या दिल्या. त्यातल्या हजारो सदोष ठरवून ८ फेब्रुवारीला त्यांचा अर्ज बाद केला. ‘नादेझ्दा’ म्हणजे आशा. आणि १६ फेब्रुवारीला उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या खार्प गावच्या तुरुंगातून पुतिन यांचे कडवे विरोधक अलेक्सेई नवाल्नी गेल्याची बातमी आली. त्या रात्री मी जेवले नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते मात्र २०२० सालचं. लहानपणी आमच्या शाळेच्या भिंतीवर अंतराळात गेलेल्या पहिल्या स्त्रीचं, वालेन्तिना तेरेश्कोवा यांचं चित्र होतं. वर्गातल्या आम्ही सगळ्या मुली त्या चित्राकडे बघत मोठ्या झालो. त्याच तेरेश्कोवा यांनी १० मार्च २०२० रोजी संसदेत उभं राहून सुचवलं की अध्यक्षपदाच्या मुदतींची मर्यादा लावताना पुतिन यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजूच नयेत. रशियन लोक याला ‘अब्नुलेनिये’ म्हणतात, शून्यावर आणणं. त्यामुळे आता २०३६ पर्यंतची वाट मोकळी आहे. आजींच्या नातीचं बालपण, शिक्षण, नोकरी, देश सोडणं, सगळं याच एका माणसाच्या काळात झालं. मध्ये चार वर्षं मेद्वेदेव अध्यक्ष होते, पण तेव्हाही पंतप्रधान पुतिनच.

शुक्रवारी काही मतपेट्यांत लोकांनी ‘झेल्योन्का’ ओतलं. खरचटल्यावर लावायचं ते गडद हिरवं औषध. बर्फावर घसरून माझं ढोपर फुटलं होतं तेव्हा आजींनी तेच लावलं होतं. आठवडाभर डाग जात नव्हता. ज्यांनी ओतलं त्यांना तिथल्या तिथे पकडलं.

काल रविवारी बरोबर दुपारी १२ ला केंद्रावर या, अशी विरोधकांची हाक होती. मरणाआधी नवाल्नी यांनीही तिला पाठिंबा दिला होता. रांगेत उभं राहणं हा गुन्हा ठरवता येत नाही. ज्यांना एकटं वाटतं त्यांना एकमेकांचे चेहरे दिसतील, एवढंच. आजी आता नाहीत. त्यांची नात बर्लिनला असते, ती तिथल्या रशियन वकिलातीबाहेर पाच तास उभी होती. नवाल्नी यांच्या पत्नी युलिया नवाल्नाया त्याच रांगेत होत्या.

नातीने रात्री फोन केला. म्हणाली, रांगेच्या टोकाशी पोहोचल्यावर सवयीने विचारलं, ‘क्तो पस्लेद्नी?’, शेवटचं कोण? रशियात दुकानात, दवाखान्यात सगळीकडे असंच विचारतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला आणि थर्मासमधला चहा पुढे केला. मग पुढचे पाच तास तिच्या मागे येणारे तिला विचारत राहिले आणि ती हात वर करत राहिली.

आत गेल्यावर तिने चार नावांखाली पेनाने एक ओळ लिहिली, ‘प्रोतिव व्सेख’. पुढे स्वतःच चौकोन काढला आणि त्यात फुली मारली. मत बाद धरणार हे तिला माहीत आहे. चौकोन जरा वाकडा आला, म्हणाली. हात गारठले होते.