22 ब्लॉक कमी

दिवाळीला बारा-तेरा दिवस राहिले होते आणि वडगावातल्या एका छोट्या बागेचं काम मी संपवत आणलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. मी ठेकेदाराकडं साइट सुपरवायझर. 2016 साली देशातल्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हापासून आमच्या हातचं पेव्हर ब्लॉकचं काम काही सुटलं नाही. आधी फुटपाथ, मग बोळ, मग बागा. लोकांनाही ब्लॉकच हवे असतात. इथली तांबडी माती पावसाळाभर चपलेला चिकटून थेट स्वयंपाकघरापर्यंत येते.

त्या दिवशी सकाळी मेस्त्रीनं झोका टांगला आणि दुपारी आम्ही शेडमागं डबे सोडले. फाटकाला कुलूप घालणं माझं काम होतं. मी घातलं नाही. शेजारच्या घरांतून मागांची खटखट अशी चालू होती की पोराचं रडणं ऐकूच आलं नाही. ऐकू आली ती त्याची आज्जी.

आठेक वर्षांचा पोरगा. हनुवटी ब्लॉकवर आपटून फुटली होती. गाडीवर मागं आज्जी, मध्ये पोरगा, असं दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. आता चार शिव्या खायच्या या तयारीनं मी बाकावर बसलो होतो, तर आज्जी म्हणाली, "झोका टांगल्यावर पोरं बसणारच की ओ. तुम्ही खाली दगड कशाला घातलासा?"

परत येऊन टेप काढला. झोक्याची आडवी दांडी 8 फुटांवर. दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढं आणि तेवढीच मागं मोकळी लागते, म्हणजे 16-16 फूट. आमचा सी-सॉ होता 9 फुटांवर. तो सोडा, 4 फुटांवरून पडणाऱ्या पोराखाली निदान 9 इंच सुटी वाळू हवी. आम्ही 60 मिलिमीटरचे ब्लॉक ठोकून बसवले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ड्रॉइंगमध्ये नव्हतं, म्हणून तोंड उघडलं नाही.

मालकांना फोन लावला. "काढ," म्हणाले, "पण मजुरी कुणाच्या नावावर?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

ब्लॉकचं एक बरं असतं, ते सिमेंटनं चिकटवलेले नसतात. पहिला पहारीनं उचकटला की बाकीचे हातानं निघतात. दीड फूट खणलं, तळाला खडी पसरली, नाहीतर पावसाळ्यात झोक्याखाली हौदच झाला असता. वर वाळू. मेस्त्री म्हणाला क्रशरची टाकू, स्वस्त पडते. पण ती दबून फरशीसारखी घट्ट बसते. चाळलेली नदीची वाळू मिळवायला दोन दिवस गेले. सी-सॉ उखडून पलीकडं नेला. झोका तोवर दांडीला गुंडाळून ठेवला आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात.

खणलेल्या तांबड्या मातीचा ढीग कोपऱ्यात पडला होता. संध्याकाळी फाटकाच्या गजांना सात-आठ तोंडं चिकटली. त्यात हनुवटीला पट्टी लावलेलंही एक होतं.

"काका, ती माती टाकणार?"

"का रे?"

"किल्ला करायचा हाय. औंदा सगळीकडं ब्लॉक घातलासा, माती कुठं उरली?"

खरंच होतं. त्या गल्लीत जिथं जिथं अंगणं होती, तिथं आता ब्लॉक होते, आणि अर्धे मीच घातलेले. कुठला किल्ला, विचारलं. राजगड, प्रतापगड सगळेच करतात म्हणे. येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की दिसतो तो राजहंसगड करायचा. कोपऱ्यातली 12 बाय 10 फूट जागा तशीच उघडी ठेवली. ड्रॉइंगवर तिथं बाक होता. तो मी फाटकाजवळ सरकवला आणि कारण 'झाडाची सावली' असं लिहिलं. सावली तिथं खरोखर आहे.

दिवाळी झाल्यावर मोजणी. काढलेले ब्लॉक रचून ठेवले होते, त्यात 22 कमी भरले. मेस्त्री गड्यांवर ओरडायला लागला. मी कोपऱ्यात जाऊन बघितलं. राजहंसगडाचा तट भलताच मजबूत झाला होता. लिंपलेली माती एका बाजूनं ढासळली होती आणि आत आमचे ब्लॉक, सांधे बदलून, अगदी नीट रचलेले. वर मोहरी बोटभर उगवलेली.

वहीत लिहिलं: 22 नग, फुटलेले.