नकाशावरचं मॉरिशस

कामानिमित्त जाणाऱ्याला मॉरिशसचा नकाशा हमखास फसवतो. उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 45. मग काय, सकाळी उतरायचं, दुपारी राजधानी पोर्ट लुईत एक मीटिंग, चारला एबेनच्या ऑफिस-वसाहतीत दुसरी, रात्री उत्तर किनाऱ्यावरच्या ग्राँ बेला जेवण! कागदावर सगळं छान बसतं.

पण विमानतळ आग्नेय टोकाला आणि राजधानी वायव्येला, म्हणजे अख्खं बेट तिरपं ओलांडल्याशिवाय कामाला हात लागत नाही. दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर तासाभरात पोचता येतं. सकाळी आठला मात्र मधल्या पठारावरची सगळी वस्ती एकदमच खाली बंदराकडे निघते आणि शहराच्या तोंडाशी गाड्या तुंबतात. जून ते डिसेंबर ऊसतोडीचा हंगाम. अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रकमागे अडकणं म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

टॅक्सीवाले मीटर लावत नाहीत. बसण्याआधीच भाडं ठरवा, आणि ते जाऊन-येऊन, मध्ये थांबण्यासकट आहे का, हेही विचारून घ्या. 'दोन हजार रुपये' ऐकून स्वस्त वाटेल, पण तो त्यांचा रुपया, आपल्यापेक्षा बराच महाग. दिवसभराची कामं पोर्ट लुई, रोज हिल, एबेन याच पट्ट्यात असतील तर टॅक्सीच्या फंदात न पडता सरळ मेट्रो धरावी. ती 2022 पासून मधल्या पठारावरच्या क्युरपीप गावापर्यंत जाते, एबेनचा फाटा 2023 मध्ये सुरू झाला. विमानतळाला मात्र ती जात नाही. क्युरपीप साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. जुलैत पोर्ट लुईहून शर्टावर निघालेला माणूस तिथे रिमझिमीत कुडकुडत उतरतो.

तारखा ठरवताना तिथलं कॅलेंडर समोर हवंच. तमिळांचा थायपुसम कावडी सण, चिनी नववर्ष, उगादी, ईद, सगळ्यांना सार्वजनिक सुट्टी. गणेश चतुर्थीला आपलं ऑफिस बंद, तेवढ्यात तिकडचं काम उरकू म्हणावं, तर तिथेही सुट्टी! गणपती तिथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बसतोय. महाशिवरात्रीची गोष्ट निराळी. सुट्टी एका दिवसाची, पण आधीचे कित्येक दिवस भाविक सजवलेल्या कावडी घेऊन गंगा तलाव या पवित्र तळ्याकडे चालत असतात आणि दक्षिणेकडचे रस्ते त्यांचेच असतात. त्या आठवड्यात तिकडची मीटिंग ठेवूच नये.

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळाचा हंगाम. इशारे एक ते चार अशा पायऱ्यांनी चढतात. तिसरा लागला की बस बंद, कचेऱ्या बंद, सगळ्यांनी घरात. मात्र आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तो मुख्यतः वाऱ्याचा हिशेब सांगतो, पावसाचा नाही. 15 जानेवारी 2024 ला 'बेलाल' वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. डोंगर पाठीशी आणि समुद्र पुढ्यात, त्यामुळे पाणी उताराने थेट शहरात येतं. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, आणि दुसरा इशारा लागताच हॉटेलची खोली दोन रात्री वाढवून घ्या. विमानतळ बंद झाल्यावर सगळेच खोली शोधायला निघतात.