चावून खायचं पाणी

कलिंगडाची फोड हातात घेतली की कुणीतरी म्हणतंच, "खा, पोट साफ होतं." तोंडात गर असल्यामुळे वाद घालता येत नाही. पण पोट साफ व्हायला चोथा लागतो म्हणावं, तर कलिंगडाच्या 100 ग्रॅम गरात तो अर्धा ग्रॅमही नसतो. खरबूज जरा बरं, तरी एका ग्रॅमच्या आतच. सालीसकट खाल्लेलं सफरचंद दोघांच्या कितीतरी पुढे आहे.

मग असतं काय? पाणी, तेही 90 टक्क्यांच्या वर. मोठं आतडं आलेल्या ऐवजातलं पाणी शोषून घेतं, आणि शरीरात पाण्याची चणचण असली की मागे खडा उरतो. पेला समोर असूनही पाणी प्यायचा कंटाळा करणाऱ्या माझ्यासारख्यांना हे फळ न सांगता पाणी पाजतं, हा त्याचा मोठाच गुण. चोथ्याची सोय मात्र डाळी-भाज्यांकडे बघून करावी.

पोट साफ होण्याचं दुसरं कारण साखरेत आहे. कलिंगडात फ्रुक्टोज ही साखर ग्लुकोज या दुसऱ्या साखरेच्या दुपटीच्या आसपास असते. ग्लुकोजची बरोबरीने साथ असली तर फ्रुक्टोज लहान आतड्यात सहज शोषलं जातं. जास्तीचं काहींना शोषता येत नाही. ते तसंच पुढे सरकतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा वायू करतात. म्हणजे "पोट साफ झालं" म्हणून खूश होणारा आणि "पोटात गुबारा धरला" म्हणून कळवळणारा, दोघांच्या पोटात बहुधा एकच उद्योग चाललेला असतो. फरक पोटाच्या जातीचा आणि फोडींच्या संख्येचा. ज्यांचं आतडं मुळातच हळवं, त्यांनी खरबुजाकडे वळून बघावं. त्यात या दोन साखरा जवळजवळ बरोबरीने नांदतात. अर्थात अख्खं खरबूज एकट्याने संपवलं तर तेही ऐकून घेणार नाही.

जेवणावर कलिंगड खाल्लं की ते पोटात सडतं, असंही ऐकतो. जठरातल्या त्या जहाल आम्लात सडायला सवड कुणाला आहे? पोट जड होतं ते आधीच तुडुंब भरलेलं असताना वर लिटरभर ऐवज ओतल्यामुळे.

खरी भीती कापून उघड्यावर ठेवलेल्या फोडींची. या फळांत आंबटपणा जवळजवळ नाहीच, त्यामुळे जिवाणूंना ती मानवतात. 2011 मध्ये अमेरिकेत खरबुजांतून लिस्टेरिया नावाचा जिवाणू पसरला आणि 30 हून अधिक माणसं दगावली. खरबुजाच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू दडून बसतात, सुरी ते थेट गरात नेते. म्हणून कापण्याआधी ब्रशने घासून धुवावं आणि उरलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवावं. साल खायची नाही तर धुवायची कशाला, असं विचारणारे घरोघरी असतात. त्यांच्याच हाती ब्रश द्यावा.

आणि हो, गिळलेल्या बिया आल्या तशा निघून जातात. पोटात वेल उगवत नाही.